नऊ ठिपक्यांची सही

लोक परदेशी कमवायला जातात, शिकायला जातात, काही नुसते फोटो काढून आणायला जातात. माझी आत्या मस्कतला गेली ती स्वतःच्या पैशानं जेवायला. वरवर बघता ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, पण बाळंतपणाची तिला अजिबात काळजी नव्हती. ताडकळसमधली अर्धी बाळंतपणं तिनंच निभावली होती. तिला काळजी होती ती जावयाच्या घरच्या जेवणाची.

आमच्याकडची रीत अशी की लेकीला मूल होईपर्यंत आईबापांनी तिच्या घरी जेवायचं नाही. अगदी घोटभर पाणी प्यायलं तरी भांड्याखाली पैसे ठेवून उठायचं. ही रीत ज्यानं कुणी घालून दिली, त्याच्या डोळ्यांसमोर लेकीचं सासर म्हणजे फार तर शेजारची पोखर्णी असणार. सकाळी जावं, लेकीला बघावं, नरसिंहाचं दर्शन घ्यावं आणि दिवस मावळायच्या आत भुकेल्या पोटी आपल्या घरी येऊन भाकरी मोडावी. एका दिवसाच्या उपासाला कोण भितं? पण आत्याची एकुलती एक लेक बसली होती समुद्रापलीकडं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर तिथल्या डॉक्टरनं तिला विमानात बसायला मनाई केली. मग जावयानं आत्याचंच तिकीट धाडलं. मूल व्हायला अजून दीड महिना होता. दीड महिना खायचं काय आणि कुणाचं?

"जावयानं धाडलेलं तिकीट चालतं, आन् त्याचं जेवण चालत न्हाई?" मी आत्याला विचारलं.

"तिकीट काय मी खायलेय?" आत्या म्हणाली.

मी तेव्हा परभणीत एका शाळेत मास्तर होतो. शाळेत पोरं मला घाबरत, घरात मला कुणी गंभीरपणे घेत नसे, आणि त्याला कारणही मीच होतो. घरातला सगळा गंभीरपणा वडिलांकडं होता. ते आत्याचे धाकटे भाऊ. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले आणि तहसील कचेरीतून नुकतेच निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर त्यांच्यासमोर अर्जच येईनासे झाले होते, त्यामुळे आत्याचा प्रश्न आला तेव्हा ते खुलले.

आत्या आली ती कापसाच्या ट्रॅक्टरवर बसून. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरासाठी किंवा त्याविरुद्ध कुणी ना कुणी बंद पुकारलेला असे, आणि बंद म्हटलं की सगळ्यात आधी एसटी आगारात जाऊन बसे. आत्याच्या केसांत, भुवयांवर, पदरावर कापूस लागला होता. आल्या आल्या तिनं कमरेच्या पिशवीतून नोटांची गुंडाळी काढली आणि वडिलांच्या मांडीवर टाकली.

"बापू, हे घे. आन् याचं तिकडचं करून दे."

"तिकडचं म्हणजे?"

"तिकडं जे चालतं ते. मला तिथं मपल्या पैशानं जेवायचंय. जावयापुढं हात पसरायची न्हाई मी."

आता परदेशात पैसा न्यायचा कसा, यावर आमच्या ओसरीवर जी चर्चा झाली ती दिल्लीतही झाली नसेल. आपल्या नोटा तिकडं चालत नाहीत, आणि सरकार नेऊही देत नाही, हे वडिलांनी दहा मिनिटं समजावलं. समोरचे शिंपीकाम करणारे चाचा कुवेतला चार वर्षं काढून आलेले, म्हणजे परदेशाच्या बाबतीत आमच्या गल्लीचं हायकोर्ट. त्यांनी गळ्यातली टेप खाली ठेवून निकाल दिला.

"आपा, सोना पैन के जाव. जब लगे तब एक पाटली उतारो, बेचो, खाओ."

"आन् लेकराला यायला उशीर झाला तर?" आत्या म्हणाली. "गाव म्हणंल, बाई पाटल्या खाऊन आली."

वडिलांचं मत ड्राफ्टच्या बाजूनं होतं. जावयाच्या नावानं ड्राफ्ट काढावा, तिकडं तो वटवावा, सगळं कायदेशीर.

आत्या त्यांच्याकडं बघत राहिली. "म्हंजी पैसे जावयाच्या हातात. मग मी जेवायच्या आधी त्यांना मागायचे, आन् जेवल्यावर त्यांनाच द्यायचे?"

वडिलांनी ड्राफ्ट मागं घेतला. कचेरीत बत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला एका वाक्यात गप्प करणारी बाई मी तोवर फक्त आईच पाहिली होती.

डॉलरच्या नोटा न्याव्यात तर आत्याला चोराची धास्ती. ताडकळसच्या बाजारात एकदा तिची पिशवी कुणीतरी कापली होती. तेव्हापासून ती गर्दीत एक हात कमरेवर रोवूनच चालायची. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई कुणाशी तरी भांडायला निघाली आहे.

शेवटी आम्ही तिघं बँकेत गेलो. तिथले मॅनेजर खिशाला दोन पेनं लावणारे, शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जावयाच्या घरी पैसे देऊन जेवायचंय, हे आत्यानं सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त चष्मा पुसला.

"तुम्ही ट्रॅव्हलर्स चेक घ्या," ते म्हणाले. "हैदराबादच्या शाखेतून मागवून देतो. हे बघा, एका चेकवर दोन सह्या असतात. वरची इथं, माझ्यासमोर करायची. खालची जागा मोकळी ठेवायची. तिकडं बँकेत गेलात की तिथल्या माणसासमोर खालची सही करायची. दोन्ही जुळल्या की तो पैसे देतो."

"चोरानं नेले तर?"

"कळवायचं. पैसे परत मिळतात. चोराला काही उपयोग नाही, त्याला तुमची सही येणार नाही."

"मला बी येत न्हाई," आत्या म्हणाली.

मॅनेजरांनी दुसऱ्यांदा चष्मा पुसला. आत्याच्या पासपोर्टवर अंगठाच होता. वडिलांनी लगेच अंगठ्याची कायद्यातली महती सांगायला सुरुवात केली. जमिनीचे व्यवहार अंगठ्यावर होतात, कोर्ट अंगठा मानतं, तर बँकेला काय झालं? मॅनेजर म्हणाले, "साहेब, अंगठा जुळवायला तिकडं काउंटरवर कोण बसलंय? पासपोर्ट चालून जाईल, फोटो जुळला की झालं. पण या चेकवर सहीच लागते. पंधरा दिवस आहेत. शिकवा त्यांना."

शिकवण्याचं काम अर्थात मास्तरकडं आलं. मी पाटी घेतली, आत्याच्या नावाची अक्षरं मोठी काढून दिली आणि म्हणालो, गिरव. आत्यानं गिरवली. मग मी म्हणालो, आता न बघता काढ. पहिलं अक्षर एकदा शेळीसारखं आलं, एकदा खुर्चीसारखं, आणि एकदा ते आलंच नाही. वाईट येत होती याची अडचण नव्हती. दर वेळी वेगळी येत होती. बँकेला वाईट सही चालते, नवी सही चालत नाही. आठ दिवसांत आत्यानं पाटीवर चाळीसएक वेगवेगळ्या बायकांच्या सह्या केल्या.

"मला न्हाई जमायचं," नवव्या दिवशी तिनं पाटी बाजूला सारली. "मी तिथं उपाशी ऱ्हाते. लेकराची घाई केली तर ते लवकर येईल बी."

तिचा आवाज ऐकून मला पहिल्यांदाच कळलं की हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ती खरंच उपाशी राहिली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत अंगणात उभा होतो. आत्या सडा टाकून रांगोळी काढत होती. चिमटीतून ठिपके पडत होते, तीन आडवे, तीन उभे, मोजपट्टी लावल्यासारखे. मग चिमूट न उचलता ती एकच रेघ फिरवत गेली, नऊही ठिपक्यांना वळसा घालून निघाली तिथंच येऊन थांबली. कालची रांगोळी अजून थोडी दिसत होती. आजची तिच्याच मापाची, केसाचा फरक नाही. मी तोंडातला फेस थुंकून गमतीनं म्हणालो, "आत्या, हीच कर की सही."

आमच्या घराण्याचा धोका असा की कुणी गंमत केली तर ती अमलात येते. संध्याकाळपर्यंत आत्यानं वहीची सहा पानं नऊ ठिपक्यांनी भरली. सगळ्या रांगोळ्या जुळ्या बहिणींसारख्या.

मॅनेजरांनी ती पानं एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ बघितलं. "तंतोतंत आहे," ते म्हणाले. "पण ही वाचायची कशी?"

इथं वडिलांनी जन्माचा सूड उगवला. "साहेब, मी बत्तीस वर्षं उर्दूत सही केली. शेवटची वीस वर्षं ऑफिसात कुणालाच ती वाचता येत नव्हती. पगार मात्र एका महिन्यालाही थांबला न्हाई."

मॅनेजरांनी टेबलावरच्या कागदावरची स्वतःची सही बघितली. ती कोंबडीच्या पायासारखी होती. "चालेल," ते म्हणाले.

चेक आले त्या दिवशी आत्या काउंटरपाशी खुर्ची घेऊन बसली आणि एकेका चेकवर आधी नऊ ठिपके, मग रेघ, असं तिनं सुरू केलं. मागं पीककर्जवाल्यांची रांग लागली. एका म्हाताऱ्यानं मला हळूच विचारलं, "बाईचा नवस हाय का?" मी हो म्हणालो. त्यानं चपला काढून ठेवल्या.

निघायचा दिवस रविवार होता. दुपारची गाडी. मी तिला मुंबईच्या विमानतळापर्यंत पोचवणार होतो. सकाळी तिची पिशवी तपासताना मी चेकचा लखोटा उघडला आणि चेक ओसरीवर पसरले. वरच्या जागेवर रांगोळी होती, ती असायलाच हवी होती. खालच्या जागेवरही रांगोळी होती. प्रत्येक चेकवर.

"आत्या, खालची जागा मोकळी सोडायची होती."

"सोडली व्हती की चार दिस. मग बघवंना. वर भरलेलं आन् खाली उजाड. अर्धी रांगोळी दारात ठिवून कुणी गावाला जातं का?"

वडिलांनी चेक हातात घेतले, चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा नाकावर आणला. "अक्का," ते अगदी हळू म्हणाले, "चोराला चालतील आणि बँकेला चालणार न्हाईत, असे चेक तू तयार केलेस."

बँक बंद. मॅनेजर पूर्णेला साडूकडं गेलेले. तिकीट बदलता येत नव्हतं. लेकीचे दिवस भरत आले होते. आत्या उंबऱ्यावर बसली. आम्हाला वाटलं आता रडणार. ती उठली आणि आईला म्हणाली, "वहिनी, धपाटे वाढवा."

मूळ बेत दोन दिवसांच्या धपाट्यांचा होता. आता आईनं परात काढली, शेजारच्या दोघी लाटायला आल्या, चाचांच्या घरून तवा आला. दुपारपर्यंत आठ-दहा दिवसांचे धपाटे आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा तयार झाला. चाचा म्हणाले, तिकडं सामान उघडून बघतात. आत्या म्हणाली, बघू द्या, एकेक देईन. मी तिला विमानतळाच्या काचेपर्यंत सोडलं. आत जाताना तिचा एक हात कमरेवर रोवलेलाच होता. समोरून येणारा एक सुटाबुटातला माणूस बाजूला झाला.

त्यानंतर दोन महिने काहीच कळलं नाही. पत्र लिहायला आत्याला सहीशिवाय काही येत नव्हतं, आणि फोन म्हणजे तारघरात जाऊन दिवसभर बसणं. शेवटी चाचांच्या ओळखीचा एक कारागीर सुटीवर आला आणि त्यानं एक कॅसेट दिली. तेव्हा आखातातून लोक पत्राऐवजी आवाज भरून पाठवत. आम्ही टेपरेकॉर्डर ओसरीवर मांडला. वडिलांनी टोपी घातली, जणू बहीण समोर येऊन बसणार आहे. बटण दाबलं. आत्या ओरडून बोलत होती, कारण मस्कत लांब होतं.

"बापू, मी खुशाल हाय. धपाटे नवव्या दिशी सरले. धाव्या दिशी मी च्या बी घेतला न्हाई. लेक रडायली. जावईबापू म्हणले, मामी, मी तुमच्या पाया पडतो, जेवा. मी म्हणलं, बँकेत घेऊन चला, पर भाईर थांबा."

सासूला तो मामी म्हणे. गरीब माणूस. पुढं आत्यानं बँकेतलं सगळं नाटक एकटीनं, दोन आवाजांत सादर केलं. काउंटरवर मद्रासकडचा एक माणूस होता, कपाळाला भस्माचे पट्टे. त्यानं पासपोर्ट बघितला, चेक बघितला, पुन्हा पासपोर्ट बघितला.

"मला म्हणला, इदर अंगूठा है, उदर साइन है. अंगूठेवाला साइन कैसा किया? मी म्हणलं, सीखी. तो म्हणला, नीचे का साइन मेरे सामने करने का था. मी म्हणलं, हो ना, सगळे तेच म्हणायलेत."

वडिलांनी डोळे मिटले.

"मग तो उगीच बसला बघत. चेक आडवा धरला, उभा धरला. मला म्हणला, ये क्या है? मी म्हणलं, रांगोळी. त्याला कळंना. मग मीच त्याचा पेन घेतला, त्याच्यापुढचा कोरा कागद वढला आन् ठिपके मांडले. बापू, ठिपके बघितले आन् तो उठून हुबा ऱ्हायला. म्हणला, कोलम. त्याची माय रोज काढती म्हणं दारात. मी रेघ फिरवली. तो वाकून बघायला का हात कुठं उचलती. मी कशाला उचलते? वळसा घातला, निघाले तिथं येऊन थांबले. त्यानं तो कागद चेकवर ठिवला, दिव्याला धरला. वरची एक, खालची एक, कागदावरची एक. तिन्ही एकच. त्यानं सायबाला बोलावलं. सायबानं दुसऱ्या सायबाला. चौघांपुढं मी पुन्हा काढली. आन् मग तो मद्रासवाला सायबाला काय बोलला देव जाणे, पर त्यानं पैसे मोजून दिले. म्हणला, अम्मा, बाकी के चेक का नीचेवाला देखके मेरेको रोना आता है, पर तुम मेरे पासच आना."

चाचांनी मान डोलावली. "हायकोर्ट से पास हो गया," ते म्हणाले. तेवढ्यात कॅसेटची एक बाजू संपली. वडिलांनी इतक्या घाईनं ती उलटी केली की फीत अडकली, आणि मला पेन्सिल घालून गुंडाळावी लागली. सगळे माझ्याकडं असे बघत होते की जणू मीच आत्याला उपाशी ठेवलं आहे.

दुसऱ्या बाजूला आत्या जेवायला बसली होती. लेकीला डॉक्टरनं पडून राहायला सांगितलेलं, स्वयंपाक जावई करत असे. आणि आत्याला त्याच्या चुलीपाशी तो जाऊ देत नसे, सासूला कसं राबवायचं म्हणून. आत्या रोज ताटाशेजारी पैसे ठेवून जेवायची. पाण्याचेही ठेवायची. तिकडं पाणी विकत घेऊन पितात हे कळल्यावर तिला फार बरं वाटलं, रीत सगळीकडं पोचली आहे म्हणून.

"पर बापू," आवाज थोडा खाली आला, "इकत घेतलेल्या जेवणाचं एक लय चांगलं असतं. बोलता येतं. जावयाला आपण कवा बोललोत का? जावई म्हंजी देव. खारट वाढलं तरी गोड म्हणायचं. पर पैसे ठिवले की मी गिऱ्हाईक. मी म्हणलं, जावईबापू, आमटी हाय का हात धुवायचं पाणी? भाकरी कच्ची हाय, परत टाका. ते बिचारे परत टाकतेत. आता हाताला वळण लागायलंय."

टेपमध्ये लांबून एका पुरुषाचा आवाज आला, "मामी, हे पण भरायलात का?" आणि आत्यानं त्याला गप्प केलं.

मग लेकरू आलं. नात. आत्यानं तिला टेपपाशी आणून रडवलं, आम्ही सगळ्यांनी ते रडणं उभं राहून ऐकलं, आईनं डोळ्याला पदर लावला. वडील म्हणाले, "सुटली अक्का. आता फुकट जेवंल." मलाही तसंच वाटलं.

"आता मूल झालं," आत्या सांगत होती. "रीत फिटली. बाराव्या दिशी जावईबापूंनी ताट वाढलं, म्हणले, मामी, आजपासून पैसे न्हाई. मी म्हणलं बरं. बसले. पहिला घास घेतला. बापू, आमटीत मीठच न्हाई. तोंड उघडलं आन् मिटलं. फुकटचं हाय, आता कसं बोलावं? दोन दिस मी तसंच गिळलं. वांगं करपलेलं खाल्लं, छान म्हणलं. जावईबापूंचं तोंड असं फुललं का मला भ्यावच वाटलं. हा माणूस जन्मभर असंच करपवंल, मपल्या लेकीला खायला घालंल आन् आपण सुगरण हाव म्हणंल."

चाचांनी टेपचा आवाज वाढवला.

"एक चेक उरला व्हता. माघारी आणून तुला द्यावा असं मनात व्हतं. काल त्या मद्रासवाल्याकडं गेले आन् मोडून आले. आज सकाळी पोह्यांच्या ताटलीखाली पैसे ठिवले. जावईबापू म्हणले, मामी, आता तर रीत बी न्हाई. मी म्हणलं, रीत गेली, कांदा कच्चाच हाय."

आणि मागून तो दमलेला, सालस आवाज आला, "उद्या नीट परततो, मामी." टेप खट्‌कन बंद झाली.